आधी नाव, मग देणगी

देणगी घेऊन कोणी आलं की गायकवाडबाई आधी दोन्ही हात मागे घ्यायच्या. विक्रोळीतल्या आमच्या मुलींच्या अभ्यासिकेत पाकीट पुढे करणाऱ्याला वाटायचं, बाई रुसल्या की काय. "नाव, पत्ता, पॅन. मग पैसे," म्हणत त्या फॉर्म सरकवायच्या. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर कारकुनी केलेल्या बाई ट्रस्टचं देणगी रजिस्टर फुकट सांभाळायच्या आणि मला, म्हणजे नावाच्या सेक्रेटरीला, शाळकरी पोरासारखं वागवायच्या. मी चिडायचो. आता तसं कोणी वागवत नाही, आणि करमत नाही.

एका मार्चमध्ये नाहूरचे परबकाका पाच हजार रोख घेऊन आले. त्यांची नात आमच्याकडेच अभ्यास करून नर्स झाली होती.

"गुप्तदान असा, बाय. माझा नाव खंय लिवू नको."

"गुप्तदान देवळाच्या पेटीत, काका. इथे निनावी पैसे घेतले तर उद्या ट्रस्टला जाब द्यावा लागतो."

काका पाकीट घेऊन तडक निघून गेले. परीक्षा तोंडावर, आणि आमच्याकडे बंद पंखे बदलायलाही पैसे नव्हते. मी भडकलो. "तुम्हाला मुलींपेक्षा कागद प्यारा आहे, बाई." त्यांनी कोरा फॉर्म खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुडघे धरत त्या काकांचे तीन मजले चढल्या. तिथे काय उलगडलं, ते काकांनीच मला नंतर सांगितलं. आमच्या दारात देणगीदारांचा फळा आहे. त्यावर नाव दिसलं की गाववाले उसने मागायला येणार, ही काकांची भीती. "अहो, नाव वहीत राहील आणि सरकारला कळेल. फळ्यावर कशाला?" बाईंनी फॉर्म स्वतः भरला. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर करसवलत मिळत नाही, म्हणून चेक लिहायला लावला. तो माझ्या टेबलावर ठेवताना फक्त म्हणाल्या, "पावती लिही रे."

माझं चुकलं, एवढं म्हणायला मला जमलं नाही. आज म्हणू, उद्या म्हणू करत दोन वर्षं गेली, आणि दिवाळीनंतर बाईच गेल्या.

यंदा मे महिन्यात देणगीदारांची यादी मी एकट्याने आयकर खात्याला पाठवली. यादीत बाईही होत्या, दरमहा पाचशे. त्यांचं करसवलतीचं प्रमाणपत्र न्यायला त्यांची भाची आली. न राहवून तिला विचारलं, मावशी माझ्याबद्दल कधी काही बोलायच्या का?

"बोलायची ना. म्हणायची, त्याला माफी मागायचीय, पण जमत नाही बिचाऱ्याला. मागेल कधीतरी. मी कुठे पळून चाललेय."