फाडलेलं पहिलं पान

आमच्याकडे नापास झालेल्या पोराचं पुस्तक कुणी विकत घेत नाही. अपशकुन. आचऱ्याच्या तिठ्यावर जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं, तेव्हा हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. दहावीला गणितात मी स्वतः आपटले होते. बाबा माझी पुस्तकं पिशवीत घालून दारोदार फिरले आणि तशीच परत घेऊन आले. पिशवी खुंटीला अडकवत एवढंच म्हणाले, "नापास झालेल्याचा पुस्तक कोण घेता?" त्यांनी ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते फार हळू म्हणाले.

म्हणून माझ्या दुकानाचा पहिल्यापासून एक नियम होता. पुस्तक आलं की पहिलं पान फाडायचं. त्या पानावर पोरांची नावं असतात, एकाखाली एक, थोरल्याचं, धाकट्याचं, मग मामेभावाचं. सगळ्याच पुस्तकांची पानं फाडली की पास कोण आणि नापास कोण, कुणाला कळायचं कारण नाही. पुस्तकं विकायला येणाऱ्या बायांना मी तसा शब्द दिलेला असे. सुकटीचा वास मारणारी पुस्तकं मी दोन दिवस उन्हात टाकी, कोपरे दुमडलेली सरळ करी, पण पान मात्र पिशवीतून काढल्या काढल्या जाई. फाडलेलं पान टाकवत नसे. सरस्वती पायाखाली कशी येऊ द्यायची? फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात ती पानं ठेवायची, दसऱ्याला पूजा करायची आणि मग खाडीत सोडायची. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग मे महिन्यात गाईडं छापणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात वकिलाची नोटीस. त्याने एक गाईड उलटं करून पाठीवरची ओळ मला वाचून दाखवली: पुनर्विक्रीस मनाई. जणू मला वाचता येत नव्हतं. जुनी गाईडं विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे, आठ दिवसांत बंद करा, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. आता वाटतं, द्यायला नको होतं.

तो गेल्यावर मी घाबरले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मालवणला गेले. तिथे एक वकीलबाई आहेत, त्यांच्या दोन्ही मुलींची पुस्तकं माझ्याकडूनच गेली होती. त्यांनी नोटीस वाचली आणि चष्मा काढला. छापायचा हक्क कंपनीचा, म्हणाल्या, नवी प्रत बाजारात आणायचा हक्कही कंपनीचा. पण एकदा रीतसर विकलेली प्रत ही घेणाऱ्याची. ती त्याने वाचावी, कुणाला द्यावी, नाहीतर विकावी. पाठीवर कंपनीने काहीही छापलं म्हणून तो कायदा होत नाही. मी हुश्श करणार तेवढ्यात त्यांनी बोट उगारलं. "झेरॉक्स काढून एक जरी पुस्तक विकलंस, तर मी तुझ्या बाजूने उभी राहणार नाही." मी कधीच काढली नव्हती. कर नाही त्याला डर कशाला, म्हणत घरी आले.

डर होती, ती वेगळ्याच ठिकाणी. आठ दिवसांनी तो माणूस हवालदाराला घेऊन आला. दुकानात त्या वेळी चार-पाच बाया पुस्तकं चाळत होत्या. या वेळी त्याने पुनर्विक्रीचं नाव काढलं नाही. जिल्ह्यात आमच्या गाईडांच्या बनावट प्रती आल्यात, म्हणाला, आणि एकेक गाईड उघडून हवालदाराला दाखवू लागला. पहिलं पान नाही. ह्याचं नाही. ह्याचंही नाही. प्रकाशन, छपाई, आवृत्ती, सगळं त्याच पानाच्या मागच्या बाजूला असतं. "खरं पुस्तक असतं, तर हे पान कुणी फाडलं असतं?"

मी त्या पानाच्या मागे काय छापलेलं असतं, हे इतक्या वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. मला फक्त नावं दिसत होती.

सगळी गाईडं जप्त करून न्यायची, असं तो म्हणू लागला. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे होते. माल गेला असता तर वर्ष गेलं असतं, आणि चोरटी म्हणून नाव झालं असतं ते निराळंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डबा माझ्या पायाशी होता. उघडला असता तर एकेक पान एकेका पुस्तकाला जुळलं असतं. पण बाया बघत होत्या. पोरांची नावं सगळ्यांसमोर वाचली गेली असती. गावात निकाल कुणाचा लपतो? नाव दिसलं की झालं. पान का फाडलं, हवालदाराने मला विचारलं. मी सांगणार नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि पंचनाम्याचा कागद काढला. तो वाईट माणूस नव्हता, पण मी त्याला दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

तेव्हा मागून एक बाई पुढे आली. बंदरावर मासे विकणारी, पंधरा दिवसांपूर्वी मुलाची पुस्तकं देऊन गेलेली. तिने त्या माणसाच्या हातातलं गाईड काढून घेतलं, हुंगलं, आणि हवालदारापुढे धरलं.

"ह्या माझ्या झिलाचा पुस्तक. मी विकलंय हिका. झील नापास झालो म्हणान मीच पान फाडूक सांगलंय. लिवा काय लिवचा ता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी मला स्वतःचा भयंकर राग आला. ही बाई चारचौघांत आपल्या पोराचं नापास होणं सांगत होती, आणि मी, स्वतः नापास झालेली, पानं फाडत बसले होते. मी डबा उचलून टेबलावर उपडा केला.

पट्टी लावून सरळ फाडणं मला कधी जमलं नाही, ते बरंच झालं. प्रत्येक पान वाकडंतिकडं फाटलेलं, आणि पुस्तकात राहिलेली चिंधी तितकीच वाकडी. मासेवालीचं पान पहिल्यांदा सापडलं. कडेला कड लागली, मागे छपाईचा मजकूर जागेवर बसला. हवालदार मग खुर्ची ओढून बसला आणि एकेक पान लावू लागला. त्यात तो इतका रमला की बाया त्याला पानं शोधून देऊ लागल्या. तिघींनी आपापली पुस्तकं आपली म्हणून सांगितली. त्यातल्या दोघींची पोरं पास होती, तरी त्यांनी ते सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं.

कंपनीचा माणूस मोबाइलवर बोलत बाहेर गेला. जाताना पुन्हा म्हणाला, पुनर्विक्रीला मनाई आहे. मी म्हटलं, "छापता तुम्ही. विकत घेतलं हिने. तुमचा हक्क छापखान्यात, तो हिच्या घरात आणू नका." वकीलबाईंच्या नावाचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्यानंतर कंपनीकडून काही आलं नाही.

त्या दिवसापासून मी पान फाडत नाही. फाडलेली होती ती भाताच्या शितांनी चिकटवली. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. जून उजाडल्यावर एका बाईने मासेवालीचं गाईड उघडलं, नाव वाचलं आणि विचारलं, "ह्यो नापास झाललो मा?"

"होय," मी म्हटलं. "तो झालो. मियाय झाललंय. पुस्तक नाय झाला."

तिने ते खाली ठेवलं. तिच्या मागे उभी असलेलीने उचललं, आणि त्या नावाखाली आपल्या मुलीचं नाव लिहायला माझ्याकडे पेन मागितलं.