महामहिमांची सतरावी कॅसेट

“तुझ्या आईने आयुष्यभर घाण उचलून नेली आणि तोंड उघडलं नाही. तूही तेवढंच कर.”

महामहिम हे इंग्रजीत म्हणाले. सावकाश. एकेक शब्द नीट उच्चारून.

जर्सी सिटीतल्या उंच इमारतीचा एकविसावा मजला. टेबलावर मी टाइप केलेली सहा पानं. सहाही पानांवर लाल पेनाची तिरपी रेघ. महामहिमांच्या शेजारी आमचे सर. मूळचे पुण्याचे, तीस वर्षं अमेरिकेत, युनिव्हर्सिटीत इतिहासाचे प्रोफेसर. सर हसले. मोठ्याने नाही. नाकातून.

मी उभी होते. त्या घरात मला कुणी बस म्हणत नसे.

महामहिम म्हणजे एका छोट्या देशाचे पहिले पंतप्रधान. गोऱ्यांचा झेंडा उतरवून आपला चढवणारा माणूस. पुढे लष्कराने त्यांना हाकललं आणि म्हातारपणी ते लेकीच्या घरी येऊन राहिले. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या ज्या माणसांची ही हकीकत आहे, त्यांना मी अजून विचारलेलं नाही.

साल २००३. मी जवळच्या पिस्कॅटवे गावात राहून पीएच.डी. करत होते. सर महामहिमांच्या आठवणी रेकॉर्ड करत होते, त्यांचं पुस्तक होणार होतं. दर शुक्रवारी आम्ही दोघं सरांच्या गाडीने जायचो. माझं काम रेकॉर्डर सांभाळायचं. परत आल्यावर कॅसेट ऐकत अक्षर न् अक्षर टाइप करायचं. टेबलाखाली एक पेडल असायचं. पायाने दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद.

हे काम मिळालं तेव्हा मी हरखले होते. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एका जुन्या मासिकातलं चित्र चिकटवलेलं होतं. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचे राष्ट्रपती आणि पंतप्रधान एका ओळीत उभे. काळे, सावळे, गव्हाळ. मास्तर म्हणायचे, “बघा रे. कालपर्यंत यांना गोऱ्यांच्या हॉटेलात घेत नव्हते.” मला वाटायचं, ही आपली माणसं. त्या ओळीत महामहिम होते. डावीकडून चौथे.

पहिल्या शुक्रवारी मी इस्त्रीचा सलवार-कमीज घालून गेले. सरांनी ओळख करून दिली.

“युअर एक्सलन्सी, हिची आई मैला वाहायची. डोक्यावरून. आणि आज बघा, ही इथे!”

बाजारातून आणलेली वस्तू दाखवावी तसं. मी सरांना हे कधी सांगितलं नव्हतं. आडनावावरून त्यांनी शोधून काढलं होतं. महामहिमांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रेकॉर्डर कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवलं.

मी हसले. तेव्हा मी हसले, हे मला आजही खुपतं.

महामहिमांची स्मरणशक्ती जबरदस्त. कुठल्या मेजवानीला कोण राष्ट्राध्यक्ष उजव्या हाताला बसले, कुणाला मासे चालत नसत, कुणाच्या बायकोने कुठल्या रंगाचे हातमोजे घातले होते, सगळं पाठ. सर ऐकताना डुलायचे. मीही सुरुवातीला डुलले.

मग सतरावी कॅसेट.

त्या दिवशी सर गाडी हलवायला खाली गेले होते. रेकॉर्डर चालू होता. खोलीत आम्ही दोघंच. महामहिम खिडकीतून नदीकडे बघत होते. अचानक त्यांनी विचारलं, “डोक्यावरून म्हणजे? बादली की टोपली?”

“टोपली,” मी म्हटलं. “पत्र्याची.”

“आमच्याकडे बादल्या होत्या,” ते म्हणाले. आणि बोलत सुटले.

स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष भेटीला येणार होते. राजधानीतल्या मैला वाहणाऱ्यांनी संप केला. बहुतेक बायका. आपलं राज्य आलं, मग आमच्या हाती बादलीच का, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे यायच्या दिवशी त्यांनी भरलेल्या बादल्या सरकारी बंगल्याच्या फाटकासमोर ओळीने मांडल्या. महामहिमांनी पोलिसांना सांगितलं, दुपारच्या आत सगळं नजरेआड करा. पोलिसांनी बादल्या हलवल्या. बायकांना गाड्यांच्या शेडमध्ये कोंडलं. पत्र्याची शेड. बाहेर ऊन भाजून काढणारं. शेड बंगल्याच्या मागेच होती.

“त्या पत्रा वाजवत होत्या,” महामहिम म्हणाले. “पाहुण्यांनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, दुरुस्ती चालली आहे.”

मग त्यांनी टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं. टक. टक टक. टक.

“सकाळी दार उघडलं. नऊ जणी उठल्या नाहीत. अकरा असतील कदाचित.”

दार वाजलं. सर परत आले होते. महामहिमांनी चष्मा पुसला आणि पुढच्या मेजवानीचा किस्सा सुरू केला.

मी ते सगळं टाइप केलं. ती टकटक कागदावर कशी लिहायची कळेना. पेडल दाबायची, ऐकायची, मागे न्यायची, परत ऐकायची. किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही. तेव्हापासून ती माझ्या मागे लागली. थंडी सुरू झाली, अपार्टमेंटमधले हीटरचे पाइप तापले की ठोकल्यासारखे वाजायचे. मी उठून दाराशी जायची. रूममेट म्हणायची, “यार, हीटर आहे तो. बस ना.” मला वाटायचं, कुणाला तरी बाहेर काढायचं राहिलंय.

आणि मग तो शुक्रवार. लाल रेघा. आईबद्दलचं ते वाक्य.

तरी मी विचारलं, “युअर एक्सलन्सी, त्यांची नावं काय होती?”

“कुणाची?”

“त्या बायकांची.”

सर मराठीत पुटपुटले, “अगं, काय चालवलंयस?”

महामहिमांनी लाल पेनाला टोपण लावलं. त्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीचे हातमोजे आठवत होते.

“यादी केली नव्हती,” ते म्हणाले.

सरांनी नवा कागद पुढे सरकवला. कॅसेटवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला आहे, काही गाळलेलं नाही, असं प्रमाणपत्र. टाइप करणाऱ्याची सही लागायची.

“सही कर आणि मोकळी हो,” सर म्हणाले. “त्यांची आठवण, त्यांचं आयुष्य. आपण कोण? आणि तुला इथवर कुणी आणलं, ते जरा आठव.”

“गाळलंय, सर. मग गाळलेलं नाही असं कसं लिहू?”

“म्हणजे?”

“मी सही करणार नाही.”

पेन टेबलावर ठेवलं. परवानगी न घेता दाराकडे वळले. महामहिमांकडे पाठ करायची नाही असा त्या घरातला नियम होता. मी पाठ केली. पाथ ट्रेन, मग दुसरी ट्रेन पकडून एकटी परत आले. आल्या आल्या आठवेल तेवढं सगळं वहीत हाताने लिहून काढलं. मराठीत.

मग आईला फोन लावला. म्हटलं, “आई, तुझ्याबरोबर कामाला कोण कोण होतं गं?”

“कुठल्या कामाला?”

“टोपलीच्या.”

आयुष्यात मी पहिल्यांदा विचारत होते. अमेरिकेच्या अर्जावर मी लिहिलं होतं, आई नगरपालिकेत नोकरीला. रूममेटना सांगितलं होतं, ऑफिसात. लाल रेघ मीही मारली होती. महामहिमांच्या कितीतरी आधी.

“शेवंता होती,” आई म्हणाली. “गटारात उतरली ती वर आलीच न्हाई. कोंडाबाई. सोनाबाई, पाय सडून गेली बिचारी. धाकटी इंदू...”

“थांब, सावकाश. लिहून घेते.”

“लिहून घेतीस? ह्ये? कशापायी?”

मी लिहीत राहिले. आई सांगत राहिली. मध्येच रडली, परत सांगू लागली.

पुढच्या सेमिस्टरला माझं काम गेलं. सरांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणायची, आयसेलिनच्या भारतीय किराणा दुकानात समोर आल्या आणि तोंड फिरवून गेल्या. तिथल्या मराठी मंडळात पसरलं की मी उपकार विसरले. सरांना दुसरा विद्यार्थी मिळाला. त्याने सही केली. पुस्तक आलं. राष्ट्राध्यक्षांची ती भेट त्यात ‘संस्मरणीय’ आहे. पुढे महामहिम वारले. पेपरात त्यांचा तरुणपणीचा फोटो होता. सतरावी कॅसेट कपाटात आहे की पुसली, मला कुणी सांगत नाही.

मी विषय बदलला. गाईड बदलली. त्या राजधानीतल्या सफाई कामगारांच्या युनियनला पत्रं लिहिली. एक, दोन, सहा. गेल्या वर्षी, २००७ मध्ये, उत्तर आलं. तिथल्या एका शाळामास्तरणीचं. “माझी आजी त्या शेडमध्ये होती. ती कधी बोलत नाही. तुम्ही या. बोलेलच असं नाही.”

नव्या गाईडबाई चांगल्या आहेत. तरी म्हणाल्या, “पुराव्याशिवाय हा चॅप्टर ठेवलास तर डिग्री अडकेल.”

मी म्हटलं, “अडकू दे.”

जूनमध्ये निघतेय. त्या आजीसमोर बसून आधी माझ्या आईचं काम सांगणार. कशात भरायची, कुठे ओतायची, सगळं. मग विचारणार. ती बोलली तर तिचं वाक्य तिच्याच नावाने छापणार. नाही बोलली तर तिच्या गल्लीतलं पुढचं दार ठोठावणार. तिथेही नाही, तर पुढच्या वर्षी परत जाणार.