बँक्सियाला डीएपी

तिसऱ्या बँक्सियाचीही कोवळी पानं पिवळी पडली, तेव्हा मी घाबरले. आधीची दोन रोपं अशीच गेली होती. शेंडा पिवळा, मग पानांच्या कडा करपल्या, मग नुसती काडी. हे गेलं असतं तर आमच्या कॉलेजच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बँक्सिया उरलाच नसता.

बँक्सिया ऑस्ट्रेलियातलं झाड. दुसऱ्या राज्यातल्या एका गार्डनने बी पाठवलं होतं. यवतमाळच्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून मी मुरूम-वाळूचा उंचवटा करून रोपं लावली. पाणी बेताचं, ऊन भरपूर. कीड नाही, बुरशी नाही. तरी रोपं मरत होती.

बुंध्याजवळची माती हलक्या हाताने उकरली, तर राखाडी दाणे दिसले. ते ओळखायला मला लॅब लागली नाही. आमच्या तांड्यावर कपाशीला हेच खत घालतात. डीएपी.

"शंकरभाऊ, हे कोणी टाकलं?" मी माळ्याला विचारलं.

"म्या नाही जी. प्रिन्सिपल सर टाकून राह्यले. सकाळी फिराले येतात ना, तवा मूठभर टाकतात. मले म्हणे, म्याडमले सांगू नको, झाड वाढलं की खूश होईन ते."

मी तिथेच बसले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. एम.एस्सी.ला असताना पुस्तकं सरांनीच पुरवली, या नोकरीचा अर्जही त्यांनीच भरायला लावला. त्यांना सांगायचं कसं? पण गप्प बसावं तर उद्या पुन्हा मूठ पडणार.

केबिनमध्ये गेले.

"सर, बँक्सियाला खत नका घालू."

"काहून? घरच्या कपाशीले देतो, तुरीले देतो. या पाहुण्यानं काय पाप केलं?"

"त्याच्या मुलखातल्या मातीत फॉस्फरस नावालाच असतो, सर. म्हणून त्याची मुळं ब्रशासारखी दाट असतात. कणन् कण ओढतात. डीएपीत फॉस्फरसच जास्त. मुळांना थांबताच येत नाही, आणि झाडाला त्याचं विष होतं."

सरांनी चष्मा काढला.

"म्हंजे ते दोन मीच मारले?"

"तिसरं अजून जिवंत आहे, सर."

"मंग उभी काय राह्यली? चाल."

फॉस्फरस मातीत फार खोल उतरत नाही, एवढीच जमेची बाजू होती. मुळं न दुखवता आम्ही वरचा थर खरवडला आणि नवी मुरूम-वाळू भरली. शंकरभाऊ नको नको म्हणत असताना सरांनी स्वतः घमेली उचलली. फॉस्फरस जास्त झाला की झाडाला लोह मिळत नाही, म्हणून पानांवर लोहाची फवारणी केली. मग नुसतं थांबायचं होतं.

करपलेली पानं गळाली. सर रोज यायचे, हात मागे बांधून उभे राहायचे.

"काही फुटलं?"

"नाही, सर."

एका सकाळी मी फाटकातून आत येते न येते तोच हाक आली, "अवं पोरी, धाव इकडं!" शेंड्यावर तपकिरी लव असलेली पालवी होती. हळूहळू ती हिरवी झाली, पिवळी नाही.

झाड आता माझ्या खांद्याला लागतं. एखादं विदेशी झाड आजारी दिसलं, की आजकाल मी कीड शोधण्याआधी विचारते, याच्यावर माया कोण करून राह्यलं?