‘सेट’चा भाव

इंग्रजी भाषेशी माझं काही वैर नव्हतं. सुरुवात तिनं केली.

मुलगी प्राची हिनं मुलगा स्वतःच पसंत केला होता. सेक्टर 2 मधल्या त्याच्या घरी आम्ही होकार द्यायला-घ्यायला गेलो होतो, एवढंच. पावर हाउस नावाच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. हातगाडीपासून उभं केलेलं. मुलाचे वडील पोलादाच्या प्लांटमधले निवृत्त साहेब. वेळ जात नाही म्हणून ते इंग्रजी शब्दांची मुळं खणतात. (अंगण मोठं आहे. तिथं खणलं असतं तर वांगी तरी आली असती!)

लग्नात एक डिनर सेट माझ्याकडून, असं मी म्हणालो आणि फसलो. साहेबांनी चष्मा लावला. ‘सेट’ या एवढ्याशा शब्दाला म्हणे शेकडो अर्थ आहेत!

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “शेकडो जास्त होते साहेब. वीसमध्ये बसवा.”

ते समजावू लागले. सिमेंट घट्ट होतं तो सेट, सूर्य मावळतो तो सेट, टेनिसचा वेगळा.

“सूर्य काढून टाका,” मी म्हणालो. “त्याचं मराठीत चालून राहिलं.”

“अहो, मी विकून नाही राहिलो, सांगून राहिलो.”

मग त्यांनी मूळ काढलं: ठेवण्याचा ‘सेट’ जुन्या इंग्रजीतला, समूहाचा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. म्हणजे दोन घरचा माल एका नावानं! आमच्या बाजारात याला भेसळ म्हणतात, हेही मी बोलून गेलो. साहेबांचा कप हवेतच थांबला. प्राची रडवेली झाली.

“अजी, पोरीचं लग्न जमवाले आलो आपण,” बायको कुजबुजली. “कावून भांडून राहिले?”

पण साहेब शेकडोंवर अडलेले, मी वीसवर. भाव असा अडला की मी ठोक बाजारात जे करतो तेच केलं. “राहू द्या, चाललो मी,” म्हणून उठलो. चपला सावकाश घालायच्या, फाटकाशी रेंगाळायचं. समोरचा हाक मारतोच.

कोणी मारली नाही.

मी फाटक उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. पेरूच्या झाडाची तपासणी केली. आतून हसण्याचे आवाज येऊ लागले. बऱ्याच वेळानं बायको पेढा घेऊन बाहेर आली. लग्न पक्कं झालं होतं, तारखेसकट!

“अन् अर्थांचं?” मी विचारलं.

“म्हटलं, जेवढे असतील तेवढे कबूल.”

घासाघीस न करता सगळा माल उचलला बाईनं! आता दर रविवारी व्याही येऊन एकेक अर्थ उतरवून जातात, आणि पावर हाउसला कोणाचंही न ऐकणारा मी, चहा पाजून मुकाट्यानं मालाचा ताबा घेतो.