काकूंचा कान

काकूंना यंत्रांतलं काही कळत नाही, असं काकू सोडून सगळ्यांना वाटे. काकांना तर त्याबद्दल शंकाच नव्हती. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, मध्ये नुसता पडदा. पडद्याच्या आत स्वयंपाकघर, बाहेर भिंतभर जुनी रशियन मोजयंत्रं: करडी, जाडजूड, उचलणाऱ्याची कंबर मोडेल अशी, तबकड्यांवर अनोळखी अक्षरं. सोव्हिएत काळात बनलेली ही यंत्रं कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांच्या माळ्यांवरून काकांकडे येत. काका ती उघडत, वाळून गेलेले कपॅसिटर काढून नवे लावत, काळी पडलेली चांदीची टोकं घासून पुसत. मग खरी परीक्षा, ती कानाची.

त्यांतला कपॅसिटरचं माप काढणारा ‘ब्रिज’ हा प्रकार काकांचा लाडका. त्याला काटा नाही, दिवा नाही. हेडफोन लावला की आत बारीक सूर वाजत असतो. अचूक माप माहीत असलेला कपॅसिटर जोडायचा, तबकडी त्या मापावर ठेवायची आणि आतला एक स्क्रू केसाकेसानं फिरवत राहायचं. सूर क्षीण होत होत नाहीसा झाला, की यंत्र खरं बोलायला लागलं. मग स्क्रूवर लाल रंगाचा एक थेंब, म्हणजे तो हलायला नको. आता यासाठी काटेवाले मीटर मिळतात, पण काका हातही लावत नसत. “काटा खोटं बोलेल, कान नाही बोलणार,” असं गिऱ्हाईकाला ऐकवत.

लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी हेडफोनची कमान ताणून एक बाजू आपल्या कानाला, एक काकूंच्या कानाला लावली होती. “गेला की सांग हं.” दोघं एकदमच “गेला!” म्हणायची आणि हसत सुटायची. त्या खेळात काकूंचा कान कधी तयार झाला, ते काकांना कळलं नाही. पुढे खेळ बंद पडला. काका कामाला लागले, काकू पुसायला आणि खोकी बांधायला.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. काकू चहा घेऊन आल्या. काका हेडफोन काढून टेबलावर ठेवत म्हणाले, “गेला.” आणि टेबलावर पडलेल्या त्या हेडफोनातून काकूंना सूर ऐकू आला. उभ्या उभ्या, हातभर अंतरावरून.

तोंडाशी आलेलं त्यांनी गिळून टाकलं. या माणसाला कानाखेरीज होतं काय? मूल नाही, बाळ नाही, चार माणसांत मिसळणं नाही. काका आंघोळीला गेले तसा त्यांनी हेडफोन लावला, रंग ओला असतानाच स्क्रू एवढासा फिरवला, सूर घालवला आणि वर नवा थेंब दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून एकही यंत्र काकूंच्या कानाखालून गेल्याशिवाय खोक्यात गेलं नाही. लोक म्हणत, काकांचा कान वयाबरोबर तिखटच होत चाललाय. काका ते हसून कबूल करत. आत काकू एखादं भांडं जरा जोरात आपटत, एवढंच.

परवापरवा पॉलिटेक्निकचे सर आपला ब्रिज दुरुस्तीला द्यायला आले होते, काकांचे जुने चाहते. जाताजाता म्हणाले, “एवढ्या वर्षांत काकूपण शिकल्या असतील सगळं!”

“ही?” काका म्हणाले. “ही धूळ पुसते आणि खोकी बांधते.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणसानं सोसावं तरी किती! धूळ पुसते ना? बरं. काकांचं काम झाल्यावर त्यांनी सरांच्या ब्रिजवरची नुसती धूळ पुसली, खोकं बांधलं आणि पाठवून दिलं.

आठव्या दिवशी सर खोकं घेऊन दारात. “काका, चार टक्क्यांचा फरक येतोय. आमच्या पोरांनीच काही केलं असेल म्हणा.”

काकांनी झाकण उघडलं, कपॅसिटर जोडला, हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं. “सूर गेलेलाच आहे. तुमचा मीटर तपासा.” सर खोकं उचलेनात, तसे काका पडद्याकडे वळले. “अगं, ये इकडे. तूच ऐक आणि सांग यांना.”

काकू ओल्या हातांनीच आल्या. हेडफोन लावला. सूर होता, चांगला खणखणीत होता. आहे म्हणावं, तर हा माणूस परक्यासमोर संपतो. नाही म्हणावं, तर सर खोटे पडतात. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि खोटं बोलायचं ठरवलं.

“नाही हो. काहीच येत नाही,” त्या म्हणाल्या. पण तेवढ्यात त्यांच्या उजव्या हातानं, न बघता, जागेवरचा बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला होता, झाकणाखालच्या स्क्रूला लावला होता आणि सूर जाईपर्यंत फिरवून थांबलाही होता. सात वर्षांची सवय. काकूंना ते कळलं, तेव्हा काका त्या हाताकडे बघत होते.

सर भले माणूस. “मी उद्या येतो,” म्हणून निघून गेले.

“कधीपासून?” काकांनी विचारलं.

“सात वर्षं झाली.”

“सगळी यंत्रं?”

“हे एक सोडून.”

काकू ओरडण्याची वाट बघत होत्या. काका ओरडले नाहीत. स्टुलावर बसले आणि काकूंच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “आणखी काय काय ऐकलं नाही गं मी?”

काही नाही, असं म्हणायला काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांना आई आठवली.

पाच वर्षांपूर्वी माहेरून फोन आला होता. त्या मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, नळ चालू होता. काका मागे पेपर वाचत होते. “आईला बरं नाही. चार दिवस जाऊन येऊ का?” असं त्यांनी विचारलं. मागे पेपराचं पान उलटलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारायला काकूही काही कमी मानी नव्हत्या. नवव्या दिवशी आई गेली. ते न आलेलं उत्तर काकूंनी पाच वर्षं पोटात ठेवलं होतं. रोज त्याच कानासाठी स्क्रू फिरवत होत्या, आणि पेपरामागे बसलेला कान तोच, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. यंत्रापुरता बहिरा आणि बायकोशी मुद्दाम मुका, असा नवरा त्यांनी मनात धरून ठेवला होता.

त्यांनी सांगितलं. समोर उभं राहून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

“जा म्हटलं असतं गं,” काका म्हणाले. “मीच आलो असतो सोडायला.”

एवढी वर्षं काकू आईसाठी धड रडल्या नव्हत्या. रागानं रडू दिलं नव्हतं. आता राग धरायला कोणी उरलं नाही. टेबलाची कड धरून त्या रडायला लागल्या, आणि ही काही बोलतेय की काय, म्हणून काका त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिले.