फाटकावर भरलेली ओटी

फाटक पडलं की ट्रॅक्टर, मोटरसायकली, शेरडं एकामागं एक साचत जातात. आमच्या कट्ट्याचे किस्से तसेच साचलेत. फरक इतकाच, गाडी गेली की रस्ता मोकळा होतो. किस्से काय हलत न्हाईत! तेर गावाच्या अलीकडं फाटकाजवळ लिंबाखाली आमी तिघी बसतो. मी, गोदा आन् हिराक्का. मालगाड्या बघायच्या, दुसरं काय! त्यातला एकच दिवस सांगते.

त्या दिवशी गोदा ओटीचं ताट घेऊनच आली. नारळ, तांदूळ, हिरवा जरीकाठी खण. तिची नात संगी मालगाडीच्या इंजिनात असिस्टंट ड्रायव्हर हाय. लग्नानंतर पहिल्यांदाच गावावरून जाणार होती.

"लेकीनं माहेरावरून रिकाम्या ओटीनं जायचं? जमायचं न्हाय!"

"अगं, हितं गाडी थांबत न्हाय," म्या म्हणलं.

"माझ्यासाठी थांबंल!"

*

पहिली आली ती बंद डब्यांची. आत काय, यावर आमची रोजची पैज. मी म्हणलं सिमेंट. हिराक्का म्हणाली, "साखर हाय. त्या बघ मुंग्या, रुळावरनं मागंच निघाल्यात!"

*

मग पुण्याचा एक पोरगेला साहेब आला, गळ्यात हा मोठा कॅमेरा. इंजिनाचे फोटो काढायचा नाद म्हणे. हिराक्कानं त्याला विचारलं, "जेवलास का?" तो लाजला. हिनं हातावर भाकरी, वर ठेचा ठेवला. पहिल्याच घासाला डोळ्यांतनं पाणी! तेवढ्यात इंजिन धडधडत गेलं.

"आजी, गेलं की ओ!"

"जाऊ दे. ते उद्या परत येतंय. भाकरी गार हुईल!"

*

गोदा प्रत्येक भोंग्याला ताट घेऊन उठायची, बसायची. फाटकावरचा बाबू ओरडायचा, "मावशी, रुळापासनं लांब!"

त्याचं डोकं आधीच तापलेलं. एक मोटरसायकलवाला लई हॉर्न वाजवीत होता. "फाटक उघड, लग्नाला उशीर होतोय!"

"कुणाच्या?"

"माझ्याच!"

हिराक्का कट्ट्यावरनं म्हणाली, "थांब बाबा. थांबायची सवय आजच लाव!"

*

ऊन कलल्यावर संगीची गाडी आली. इंजिनाच्या खिडकीतनं तिनं हात केला आन् गेली की पुढं! गोदाचं तोंड एवढंसं झालं. डबे सरता सरंनात. आन् एकदम चाकं करकरली. पुढं सिग्नल मिळाला नव्हता. इंजिन पार लांब वळणावर, आन् आमच्यापुढं उभा शेवटचा, गार्डाचा डबा!

बाबूनं गार्डसाहेबांना सगळं सांगितलं. मिशीवाला, दांडगा माणूस. त्यांनी हसत काखेतला हिरवा झेंडा पदरासारखा पसरला. "भरा मावशी. पुढच्या टेशनात पोचती करतो."

गोदानं ओटी भरली. सवयीनं त्यांच्या कपाळाला कुंकू पण लावलं! त्यांनी झेंड्याची घट्ट गाठ मारली.

तेवढ्यात सिग्नल मिळाला. इंजिनाचा भोंगा झाला. संगी खिडकीतनं मागं बघायला लागली. गार्डानं हिरवं दाखवल्याबिगर गाडी हलायची न्हाय. गार्डसाहेब एकदा गाठोड्याकडं बघतायत, एकदा इंजिनाकडं. मग त्यांनी गाठीतनं हात आत घातला.

गाडी सुटली.

दिवेलागणीला संगीचा फोन. गोदानं स्पीकर लावला.

"आज्जे, ओटी पोचली. पण आज गार्डकाकांच्या झेंड्याला जरीचा काठ कुठनं आला गं?"