लाल दोरी आणि कारणाचा रकाना

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मला दरवर्षी भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला: कारखाना चालवायची जपानी पद्धत बरी की अमेरिकन? मी लाल दोरीची गोष्ट सांगतो, मुलं टाळ्या वाजवतात, मी शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो. ती गोष्ट मी अर्धीच सांगतो. उरलेली अर्धी इतकी वर्षं बायकोलाही सांगितलेली नाही. विसरलो म्हणून नव्हे. ती सांगितली तर पुन्हा कुणी शाल घालणार नाही म्हणून.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. बाहेरून ओतकाम होऊन आलेली पंपांची कवचं आम्ही मशीनवर कापून तयार करायचो. मी मशीन शॉपचा मॅनेजर. आधी आमच्या मालकांच्या डोक्यात जपान शिरला. पुण्याहून सल्लागार आला. तो जपानला पंधरा दिवस राहून आला होता आणि तेवढ्यात त्याला कमरेत वाकायची सवय जडली होती. रोज सकाळी आम्ही रांगेत उभे राहून हातपाय हलवायचो. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, झाडूची जागासुद्धा आखली. "चूक माणसाची नसते, पद्धतीची असते," असं तो डोळे मिटून सांगायचा. मग प्रत्येक मशीनवर लाल दोरी टांगली. काही बिघडतंय असं वाटलं की कुणीही ती ओढायची. मशीन थांबणार, कारण शोधायचं, मगच पुढचं काम.

"सायेब, ओढल्यावर परसाद कवा मिळतोय?" पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

ओढत कुणीच नसे. ओढायचा फक्त एक ऑपरेटर. माणच्या दुष्काळी भागातला, मेंढपाळाच्या घरातला गडी. कोरेगावात भाड्यानं राहायचा. नोकरी कंत्राटावरची. एका दुपारी त्याचं मशीन थांबलं आणि मी धावत गेलो.

"काय झालं रं?"

"आवाज पोकळ येतोय, सायेब."

"तुला बरा कळतो!"

"आवं, कळपात एक मेंढरू खोकलं तरी कळतंय आमास्नी. हे तर कानापाशी वरडतंय."

कवच चिरून बघितलं. आत हवेची भोकंच भोकं. ती सगळी खेप गिऱ्हाइकाकडे जायच्या आत अडवली. सल्लागारानं त्याच्या गळ्यात हार घातला, स्वतः शेजारी वाकून फोटो काढून घेतला. कॉलेजातली माझी गोष्ट इथं संपते.

पुढं मालकांचे जावई अमेरिकेत शिकून परत आले आणि जपान एका आठवड्यात गेला. सकाळची कवायत बंद. भिंतीवर नावांची यादी लागली, वरची हिरवी, मधली पिवळी, खालची लाल. ज्याच्या चुकीनं मशीन जास्त वेळ बंद, तो खाली. दिवाळीला शेवटचं नाव घरी जाणार. जावयांचं म्हणणं, "पद्धत आम्ही दिलीय. आता चूक माणसाचीच." आधीचा सल्लागार आम्हाला कुटुंब म्हणायचा, हे टीम म्हणू लागले. दोघांचा प्रोजेक्टर एकच होता. ओतकामातली भोकंही दोघांच्या काळात तेवढीच राहिली, कारण स्वस्तातलं ओतकाम घेणं दोघांनीही थांबवलं नाही. माल एकदा समोर ठेवून बघावा, असं एकालाही वाटलं नाही. या दोन पंडितांची तुलना मी दरवर्षी तासभर करतो, फळ्यावर दोन रकाने आखून.

दोऱ्या मात्र तशाच लटकत राहिल्या. काढा म्हणून कुणी सांगितलं नाही. तो एकदा माझ्याकडे आला.

"सायेब, दोरी अजून हाय. ओढायची न्हवं?"

"ओढ की," मी म्हणालो. खराब माल गिऱ्हाइकाकडे गेला असता तर शिव्या मलाच बसल्या असत्या.

तो ओढत राहिला. मशीन थांबलं की मी कॉम्प्युटरवर नोंद करायचो. त्यात 'कारण' नावाचा रकाना होता आणि तीन पर्याय: ओतकाम, मशीन, ऑपरेटर. 'ओतकाम' लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, हा माल फाटकावर पास कुणी केला? सही माझी होती. कवचं न बघता सही करायची माझी जुनी सवय. म्हणून दर वेळी मी 'ऑपरेटर' लिहिलं. चिरलेलं भोकाचं कवच टेबलावर ठेवून लिहिलं. जावयांना मी मनातून मूर्ख म्हणायचो, पण त्यांच्या यादीला माल पुरवणारा मीच होतो.

दिवाळीआधी त्याचं नाव शेवटचं आलं. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"दोरीपायी व्हय, सायेब?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

"मग तुमी तरी काय करणार," तो म्हणाला, आणि निघताना माझ्याच पाया पडला.

गेल्या उन्हाळ्यात मी सांगलीहून एसटीनं त्याच्या गावी गेलो. बोलायचं वाक्य घरूनच ठरवून नेलं होतं. तो अंगणात बाजेवर बसला होता. ओळखलं, उठला, सुनेला चहा टाकायला सांगितला. शेजारचे दोघे कोण पाहुणे म्हणून येऊन टेकले. तो त्यांना म्हणाला, "ह्ये आमचं सायेब. माझ्यासाठी लय भांडलं व्हतं वर, पर कुणी ऐकलं न्हाई."

मी खाली बघून म्हणालो, "तो रकाना मी खोटा भरला होता. मला माफ कर."

त्यानं कानामागं हात धरला. "मोट्यानं बोला, सायेब. मशिनीनं कान खाल्लं. कायबी ऐकाय येत न्हाई."

शेजारचे दोघे माझ्याकडे बघत होते. सून चहा घेऊन दारात उभी होती.

"म्हटलं," मी ओरडलो, "यंदा पाण्याचं कसं काय?"